सुईण, दवाखाना आणि वाट

श्रोतेहो, बाळंतपण ही निसर्गाची क्रिया आहे, तींत माणसानें उगाच ढवळाढवळ करूं नये, असें मत हल्लीं सुशिक्षित घरांतून पुष्कळदां ऐकूं येतें. या मताचा इतिहास सांगतांना कोणीही इंग्लंडपासून आरंभ करील. मी मात्र कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यांतील दोन तालुक्यांपासून करतों. मुंबईची आगगाडी १८५६ सालींच खोपोलीपर्यंत पोंचली. परंतु रुळांच्या दोहों बाजूंस डोंगरांत वसलेल्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांना दवाखान्याची वाट मिळण्यास त्यानंतर फार काळ लागला.

तोंवर बाळंतपण सुईणीच्या हातीं. ती ओळखीची, धीर देणारी, वेणा देणाऱ्या स्त्रीस हिंडूं-फिरूं देणारी, उकिडवें बसविणारी. हें ज्ञान क्षुल्लक नव्हतें. परंतु मूल आडवें आलें किंवा रक्तस्राव थांबेना, तर तिचा इलाज खुंटे. आणि न उकळलेल्या पात्यानें नाळ कापली कीं बाळाला धनुर्वाताचा धोका. त्याचीं लक्षणें बहुधा पहिल्या आठवड्यांतच दिसूं लागतात. पांचवी-सहावीच्या रात्रीं सटवाईचें जें भय घरोघर बाळगलें गेलें, त्याच्या मुळाशीं हाच कटु अनुभव असावा, असें मला वाटतें. हा बालघातक धनुर्वात भारतांतून हटल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें.

शहरांतील घरेंही सुरक्षित नव्हतीं. याच लोहमार्गावरील कल्याण येथें जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षीं माता झाल्या आणि त्यांचें बाळ दहा दिवसांत गेलें. पुढें अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली; प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय सुरू झालें. तरीही साठ वर्षांनंतर, १९४६ सालीं, सर जोसेफ भोर यांच्या समितीनें देशांतील मातामृत्यूंचा अंदाज दिला तो हजार जन्मांमागें सुमारें वीस, म्हणजे लाखामागें दोन हजार!

मग रुग्णालय हेंच एक उत्तर काय? तसेंही नाहीं. व्हिएन्ना येथें १८४७ सालीं सेमेलवाइस यांना आढळलें कीं, सुईणींच्या कक्षापेक्षां डॉक्टरांच्या कक्षांत सूतिकाज्वरानें अधिक स्त्रिया दगावतात. शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांना त्यांनीं औषधी पाण्यानें हात धुण्यास लावलें, तेव्हां मृत्यू घटले. म्हणजे तारक ठरली ती इमारत नव्हे, स्वच्छता.

'नैसर्गिक प्रसूती' ही चळवळ निघाली ती इंग्लंडमधील डॉक्टर ग्रॅंटली डिक-रीड यांच्या १९३३ सालच्या पुस्तकापासून. भीतीनें शरीर आखडतें आणि आखडल्यानें कळा असह्य होतात, हें त्यांचें सूत्र. पुढें पॅरिसमध्यें लामाझ यांनीं श्वसनाचे पाठ दिले. या म्हणण्यांत तथ्य आहे. प्रसूतीच्या वेळीं जवळ आपलें माणूस असावें, आणि कसें बसावें-निजावें हें स्त्रीनें ठरवावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१८ सालीं सांगितलें. आमच्या सुईणीला हें ठाऊक होतें! उलट २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणींत खासगी रुग्णालयांतील शंभरांपैकीं सत्तेचाळीस प्रसूती शस्त्रक्रियेनें झाल्याचें दिसलें. तेव्हां चळवळीची तक्रार निराधार म्हणतां येत नाहीं.

परंतु एक गोष्ट विसरूं नये. डिक-रीड स्वतः डॉक्टर होते. अडचण येतांच त्यांची विद्या उशाशीं हजर होती. खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली, तेव्हां मोटारीचा रस्ता नसल्यानें मदतीस धांवलेल्यांना पायींच डोंगर चढावा लागला. जेथें धडधाकट माणसें अशीं चढतात, तेथून वेणा देणारी स्त्री कशी उतरत असेल? तिचें बाळंतपण नैसर्गिकच. पण तें तिनें निवडलेलें नाहीं.

२०१८ ते २० या काळांत महाराष्ट्राचें मातामृत्यूचें प्रमाण लाखामागें ३३ वर आलें, ही समाधानाची गोष्ट. तें घडलें स्वच्छ हातांनीं, वेळेवर मिळालेल्या रक्तानें आणि जवळ आलेल्या रस्त्यांनीं. निसर्गावर खुशाल विश्वास ठेवावा, श्रोतेहो. पण दवाखान्याची वाट आधीं मोकळी करावी, आणि ती केवळ आपल्याच दारापासून नव्हे, तर डोंगरावरच्या वाडीपासून.