सलामीचा अडथळा : चाळणीपासून उंबरठ्यापर्यंत
(दूरचित्रवाणीवरील अडथळ्यांच्या स्पर्धांचा एक ऐतिहासिक आढावा)

प्रस्तावना

अडथळ्यांची शर्यत शाळेच्या मैदानावर सर्वांच्या परिचयाची असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीने हाच खेळ पाणी, चिखल, लाकूड आणि लोखंड यांच्या साहाय्याने भव्य प्रमाणावर उभा केला आणि त्याला कोट्यवधी प्रेक्षक मिळवून दिले. अशा स्पर्धांची चर्चा होते तेव्हा ती बहुधा अखेरच्या दोरापर्यंत पोहोचलेल्या विजेत्यांची असते. परंतु विजेते थोडे असतात. सर्व स्पर्धकांना समान असलेला अनुभव एकच, आणि तो म्हणजे पहिला अडथळा. स्पर्धेत कोणाला स्थान आहे, त्याच्याकडून काय अपेक्षित आहे आणि त्याच्या पडण्याकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे सारे या सलामीच्या अडथळ्यावरच ठरते. जपानमधील दोन कार्यक्रम, त्यांतील दुसऱ्याची अमेरिकी आवृत्ती आणि ऑलिंपिकमधील अलीकडचा बदल यांच्या आधारे या अडथळ्याचे कार्य कसे पालटत गेले, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पूर्वपीठिका : सैनिकी कवायतीतील अडथळा

आधुनिक अडथळा-मार्गाचा उगम शोधू लागल्यास फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) यांच्यापाशी थांबावे लागते. १९०२ मध्ये मार्तिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सें-पिएर हे शहर नष्ट झाले, तेव्हा एबेर तेथील मदतकार्यात सहभागी होते. संकटकाळी माणसाला धावता, चढता, उडी मारता, तोल सांभाळता आणि ओझे वाहता आले पाहिजे, या विचारातून त्यांनी आपली 'नैसर्गिक पद्धती' विकसित केली. बळ हे इतरांच्या उपयोगी पडण्यासाठी कमवायचे असते, हे त्या पद्धतीचे मूलसूत्र होते. पुढे फ्रेंच सैन्याच्या प्रशिक्षणातील अडथळा-मार्गांवर या विचाराचा ठसा उमटला.

सैनिकी मार्गातील पहिल्या अडथळ्याला स्वतंत्र महत्त्व नव्हते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. प्रशिक्षणार्थी पडला तर तो उठतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. जमेपर्यंत करीत राहणे हाच त्या व्यवस्थेचा गाभा असतो. दूरचित्रवाणीने अडथळे तेच ठेवले, पण हा नियम बदलला. पडणे म्हणजे बाद होणे, असे ठरल्याबरोबर पहिल्या अडथळ्याचा अर्थच पालटला.

चाळणी : 'ताकेशीज कॅसल'मधील गर्दी

टोकियो ब्रॉडकास्टिंग सिस्टीम, म्हणजेच टीबीएस, या जपानी वाहिनीने १९८६ ते १९९० या काळात 'ताकेशीज कॅसल' हा कार्यक्रम सादर केला. अभिनेते ताकेशी किटानो हे त्यात किल्ल्याचे अधिपती होते. किल्ला जिंकण्यास निघालेल्या स्पर्धकांचे नेतृत्व हायातो तानी सेनापतीच्या वेषात करीत. त्याचे चित्रीकरण योकोहामा येथील मिदोरियामा स्टुडिओच्या आवारात होई. शंभराहून अधिक स्पर्धक एकत्र जमत, सेनापती आज्ञा देई आणि सारा जमाव सुरुवातीच्या चढणीवर किंवा भिंतीवर तुटून पडे. काही वर चढत, काही घसरत, काही दुसऱ्यांना खाली ओढत. क्षणार्धात कित्येक जण बाद होत. त्यांची नावे प्रेक्षकाला कळत नसत आणि कळावीत अशी अपेक्षाही नसे.

हा सलामीचा अडथळा म्हणजे चाळणी होती. मोठा जमाव कमी करून पुढील खेळांसाठी आवश्यक तेवढी माणसे उरविणे, हे तिचे काम. येथे पडणे हा विनोदाचा विषय होता, आणि पडणारा स्वतःही त्या हास्यात सामील असे. भारतातील प्रेक्षकांना हा कार्यक्रम या शतकाच्या पहिल्या दशकात पोगो वाहिनीवरून जावेद जाफरी यांच्या हिंदी समालोचनासह परिचित झाला. त्या समालोचनानेही घसरणाऱ्या अनामिक माणसांना गमतीदार नावे आणि कहाण्या बहाल केल्या. स्पर्धकाची खरी ओळख सांगण्याची गरज त्या खेळात नव्हतीच.

उंबरठा : 'सासुके' आणि एकटा स्पर्धक

त्याच टीबीएसने १९९७ मध्ये 'किन्निकु बानझुके' या शारीरिक कौशल्यावरील कार्यक्रमाचा विशेष भाग म्हणून 'सासुके' ही स्पर्धा सुरू केली. जपानी लोककथांतील सारुतोबि सासुके या निंजाच्या नावावरून तिचे नामकरण झाले. पहिली स्पर्धा टोकियो उपसागराच्या काठावरील एका बंदिस्त सभागृहात झाली. दुसऱ्या स्पर्धेपासून ती मिदोरियामाच्या उघड्या मैदानावर आली. ज्या आवारात काही वर्षांपूर्वी जमाव किल्ल्यावर चालून जात होता, तेथेच आता स्पर्धक एकेकटा उभा राहू लागला.

या स्पर्धेचे स्वरूप थोडक्यात असे : शंभर क्रमांकांचे शंभर स्पर्धक, चार टप्पे, आणि पहिल्या टप्प्यावर घड्याळाचा धाक. चारही टप्पे पार करणाऱ्याचा विजय पूर्ण मानला जातो; कोणीही पार न केल्यास त्या खेपेस विजेता नसतो. १९९७ ते २०२० या काळात झालेल्या ३८ स्पर्धांत असा पूर्ण विजय केवळ सहा वेळा मिळाला, आणि तोही चारच व्यक्तींना. १९९९ मध्ये खेकडे पकडणारे मच्छीमार आकियामा काझुहिको, २००६ मध्ये मासेमारी नौकेचे कप्तान नागानो माकोतो, २०१० व २०११ मध्ये पादत्राणे विकणारे उरुशिहारा युजी आणि २०१५ व २०२० मध्ये मोरिमोतो युसुके हे ते चौघे होत. मोरिमोतो २००७ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी या स्पर्धेत प्रथम उतरले होते.

या नामावलीत व्यवसायांचा उल्लेख सहेतुक आहे. 'सासुके'ने स्पर्धकाला नाव, गाव, व्यवसाय आणि कहाणी दिली. सराव करतानाची त्याची दृश्ये आधी दाखविली जातात, त्याचे कुटुंबीय काठावर उभे असतात, आणि मग तो पहिल्या अडथळ्यासमोर येतो. अशा वेळी तो अडथळा चाळणी राहत नाही. तो उंबरठा होतो. तो ओलांडणारा स्पर्धक म्हणून प्रस्थापित होतो. तेथेच जो पाण्यात पडतो, त्याच्या बाबतीत 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' हे वचन शब्दशः खरे ठरते. वर्षभराची मेहनत दोन-तीन सेकंदांत संपते, आणि पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा त्या दिवशी नसते.

तिरप्या पायऱ्यांचे यंत्रशास्त्र

सलामीच्या अडथळ्याचे रूप वेळोवेळी बदलत आले असले, तरी त्यांतील सर्वाधिक ओळखीचे रूप तिरप्या पायऱ्यांचे आहे. पाण्याच्या दोन्ही बाजूंना परस्परांकडे कललेल्या फळ्या आळीपाळीने बसविलेल्या असतात. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे उड्या घेत स्पर्धकाने पलीकडचा काठ गाठायचा असतो. पायऱ्यांच्या संख्येवरून या अडथळ्याला चौपदरी, पाचपदरी अशी नावे मिळाली.

पाहणाऱ्यास हा अडथळा पोरखेळ वाटतो. त्याचे मर्म मात्र कलण्यात आहे. अशा उतारावर केवळ बुटाच्या तळव्याच्या घर्षणावर उभे राहणे फार कठीण असते. पाय टेकताना शरीराचा वेग फळीवर दाब निर्माण करतो, आणि तो दाब असेपर्यंतच पाऊल टिकते. स्पर्धक क्षणभर थांबला, तोल सावरू लागला किंवा पुढची फळी नजरेने मोजू लागला, की दाब सरतो आणि पाय निसटतो. म्हणजे येथे सावधपणाच घातक ठरतो. फळी पावसाने वा दवाने ओली असेल तर ही मुदत आणखी आखूड होते. मनगटाची किंवा दंडाची ताकद येथे कामास येत नाही. निर्णय घेऊन तो न बदलता पार पाडणे एवढेच उपयोगी पडते. पुढील अडथळे पकड, खांदे आणि दम यांची परीक्षा पाहतात. सलामीचा अडथळा निश्चयाची परीक्षा पाहतो. बळकट माणसे येथे पडतात आणि हलकी, चपळ माणसे सहज निघून जातात, याचे कारण या रचनेत आहे.

अमेरिकेतील रूपांतर

'सासुके'चे भाग २००६ पासून 'निंजा वॉरियर' या नावाने अमेरिकेतील जी-फोर वाहिनीवर दाखविले जाऊ लागले. २००९ मध्ये त्याच वाहिनीने 'अमेरिकन निंजा वॉरियर' सुरू केले. आरंभीच्या हंगामांत अमेरिकेतील निवडक दहा स्पर्धकांना मिदोरियामा येथे पाठविले जाई. २०१२ पासून अंतिम फेरी लास व्हेगास येथे होऊ लागली आणि एनबीसी या मोठ्या वाहिनीने कार्यक्रम स्वीकारला. तेथील पात्रता फेऱ्यांचा आरंभही पायऱ्यांनीच होत राहिला. आधी तिरप्या पायऱ्या, मग दोरांवर लोंबकळणाऱ्या तरंगत्या पायऱ्या आणि नंतर क्रमाने लहान होत जाणाऱ्या पायऱ्या, असा तो प्रवास आहे. अडथळ्याची रूपे बदलली, तरी पाण्यावरून पावलांनी ओलांडून स्पर्धेत प्रवेश करण्याची कल्पना कायम राहिली.

पात्रता फेरीत कोण किती लांब आणि किती लवकर गेला यावर क्रम लागत असल्याने पहिल्या अडथळ्यावर पडणारा आपोआप तळाला जातो. चित्रीकरण बहुधा रात्रभर चालते. आपली पाळी येईपर्यंत स्पर्धकाला तासन् तास थंडीत थांबावे लागते, आणि आखडलेल्या स्नायूंनिशी त्याला थेट वेगाच्या परीक्षेला सामोरे जावे लागते. प्रक्षेपणात अशा लवकर पडणाऱ्यांना बहुधा काही सेकंदांचेच स्थान मिळते. एकीकडे कार्यक्रम प्रत्येक माणसाची कहाणी सांगण्याचे आश्वासन देतो, आणि दुसरीकडे सलामीलाच पडलेल्याची कहाणी कापली जाते. उंबरठ्याच्या आत चाळणी शिल्लक राहिली आहे, हे येथे दिसते.

अंतर कोणाच्या पावलाने मोजायचे?

दोन फळ्यांतील अंतर कोणाचे पाऊल प्रमाण मानून ठरविले जाते, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे. जपानमध्ये २००१ मध्ये स्त्रियांसाठी 'कुनोइची' ही स्वतंत्र स्पर्धा निघाली. तिचे अडथळेही वेगळे होते. अमेरिकेत मात्र स्त्री-पुरुषांना एकच मार्ग ठेवला गेला. २०१४ मध्ये डॅलस येथे सुमारे पाच फूट उंचीच्या जिम्नॅस्ट केसी कॅटनझारो यांनी शहर-अंतिम फेरीचा मार्ग पूर्ण केला; असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. २०१६ मध्ये जेसी ग्राफ यांनी लास व्हेगास येथील राष्ट्रीय अंतिम फेरीचा पहिला टप्पा पार करून पुढची मजल मारली. उंची कमी असणाऱ्याला प्रत्येक उडी लांब पडते, हे खरे. परंतु वेगाचे सातत्य राखल्यास ती उणीव भरून काढता येते, हेही या दोघींनी दाखवून दिले. समान मार्ग सर्वांना सारखाच अवघड असतो असे नाही. मात्र तो पार करणाऱ्याच्या यशाला कोणतेही विशेषण जोडावे लागत नाही.

मैदानापासून ऑलिंपिकपर्यंत

या परंपरेला अलीकडे अनपेक्षित वळण मिळाले. मॉडर्न पेंटॅथलॉन हा क्रीडाप्रकार १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून खेळला जातो. शत्रूच्या प्रदेशात सापडलेल्या सैनिकाला आवश्यक ती कौशल्ये, ही त्यामागील कल्पना. त्यात अनोळखी घोड्यावर स्वार होऊन अडथळे ओलांडावे लागत. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चिठ्ठीने वाट्यास आलेल्या घोड्याने साथ न दिल्याने आघाडीवरील जर्मन खेळाडूचे पदक हुकले, आणि संघाच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारल्याने जगभर टीका झाली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने घोडेस्वारी वगळण्याचा निर्णय घेतला आणि २०२२ मध्ये तिच्या जागी अडथळ्यांची शर्यत स्वीकारली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या नव्या स्वरूपातील खेळाचा समावेश करण्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील अधिवेशनात शिक्कामोर्तब केले. सैनिकी कवायतीतून करमणुकीत आलेला अडथळा अशा रीतीने सैनिकी परंपरेच्याच एका खेळात परतला, आणि त्या परतीचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत पार पडला.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, सलामीच्या अडथळ्याचे कार्य दर पिढीत बदलत गेले. एबेर यांच्या परंपरेत तो सरावाचा एक भाग होता. 'ताकेशीज कॅसल'मध्ये जमाव कमी करणारी चाळणी झाला. 'सासुके'ने त्याला एका माणसाच्या प्रवेशाचा उंबरठा बनविले. आणि अमेरिकी आवृत्तीत उंबरठा व चाळणी ही दोन्ही रूपे एकमेकांत मिसळली. ऑलिंपिकच्या मार्गावर वेळेचे रूपांतर गुणांत होते; म्हणजे पहिला अडथळा तेथे हिशेबाचा एक घटक ठरतो.

या बदलांत लाकूड, पाणी आणि उतार फारसे बदलले नाहीत. बदलली ती पडणाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी. घसरणाऱ्या जमावाला हसणारा प्रेक्षक एका पिढीच्या आत, मिदोरियामाच्या त्याच आवारात, एका मच्छीमारासाठी श्वास रोखून बसू लागला. करमणुकीच्या इतिहासात हा बदल लहान वाटेल; परंतु पडणाऱ्या माणसाचे नाव आधी जाणून घेतले, तर त्याच्या पडण्याला हसणे अवघड होते, हे या लहानशा अडथळ्याच्या इतिहासातून स्पष्ट होते.