विभाजी ऊती (शिरूर–दौंड परिसरातील पिकांच्या संदर्भात)

विभाजी ऊती : सतत विभागून नव्या पेशी देणाऱ्या वनस्पतिपेशींचा समूह. वनस्पतीची वाढ साऱ्या अंगाने होत नाही. ती मोजक्या जागी होते, आणि त्या जागा म्हणजे ही ऊती. तिच्या पेशींची भित्तिका पातळ, पेशीद्रव्य दाट, केंद्रक ठळक असते. त्या एकमेकींना खेटून असतात. विभाजन थांबले की त्यांच्यापासून स्थायी ऊती बनतात. हा भेद स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी १८५८ मध्ये मांडला. स्थानावरून प्ररोह, आंतरीय व पार्श्व असे तीन प्रकार मानतात.

घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर शिरूर व दौंड तालुक्यांत ऊस पिकतो. न्हावरे व पाटस येथे साखर कारखाने आहेत, दौंडकडे गुऱ्हाळेही आहेत. पहिले दोन प्रकार समजून घ्यायला उसासारखे दुसरे पीक नाही.

प्ररोह विभाजी ऊती खोडाच्या व मुळाच्या टोकाशी असते आणि लांबी वाढवते. उसात ती शेंड्याच्या सुरळीत, पानांच्या आवरणांत दडलेली असते. खोडकिडीची अळी कोवळ्या कोंबात शिरून ही ऊती, म्हणजे वाढबिंदू, खाते. मग पोंगा (मधली सुरळी) वाळतो आणि ओढला की सहज हाती येतो. टोकाची ऊती खालच्या डोळ्यांना दाबून ठेवते. म्हणूनच काही शेतकरी जेठा (मुख्य) कोंब काढतात, त्यामुळे फुटवे जोमाने व एकसारखे येतात. तुरा येतो तेव्हा हीच ऊती पाने द्यायचे सोडून फुलोरा घडवते. उंची खुंटते आणि पुढे कडेचे डोळे फुटून पांगशा निघतात. तोडणीत शेंडा वेगळा होऊन वाढे म्हणून जनावरांपुढे जातो. पुढच्या लागणीसाठी टिपरीवरचा डोळा पुरतो, कारण प्रत्येक डोळ्यात असाच एक छोटा वाढबिंदू असतो.

शेंड्याच्या अगदी टोकात वाहक नलिका अजून तयार झालेल्या नसतात आणि विषाणू तिथे फारसे पोहोचत नाहीत. फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी १९५२ मध्ये याच गुणावर डेलियाची विषाणुमुक्त रोपे मिळवली. मांजरी बुद्रुक येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) उसाची ऊतिसंवर्धित रोपे तयार करते. ती बेणेमळ्यात वाढवून निरोगी बेणे मिळते. 

आंतरीय विभाजी ऊती पेऱ्याच्या किंवा पानाच्या बुडाशी असते. उसाच्या कांड्यावर मुळांच्या पट्ट्याच्या लगेच वर एक अरुंद वलय दिसते, ते हेच. वाऱ्यापावसात ऊस लोळला की वलयाची खालची बाजू अधिक वाढते आणि शेंडा पुन्हा वर वळतो. माळरानावरचे पवन्या, मारवेल ही गवते मेंढरांनी खुडली तरी पाने बुडाकडून पुन्हा वाढतात, तीही याच ऊतीमुळे.

पार्श्व विभाजी ऊती खोडाला जाडी देते. उसात ती नाही, म्हणून पक्व कांडे पुढे जाड होत नाही. चिंच, बाभूळ, डाळिंब यांत मात्र सालीखाली ऊतककराचा थर असतो. तो आत काष्ठ आणि बाहेर रसवाहिन्या तयार करतो. मोराची चिंचोली या गावातील जुन्या चिंचांचे घेर असेच वाढले. डाळिंबाची गुटी बांधताना फांदीच्या सालीचे कडे काढतात व हा थर खरवडतात. तो राहिला तर साल पुन्हा सांधते आणि मुळे फुटत नाहीत.

प्ररोह ऊतीचे आणखी एक उदाहरण कांद्याचे. त्यात खोड म्हणजे बुडाची चकती आणि वाढबिंदू तिच्या मध्यावर. चाळीत कांदा कोंबावर येतो तो तिथून. नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या ‘कृषक’ या विकिरण केंद्रात कांद्याला गॅमा किरणांची अल्प मात्रा देतात. विभागणाऱ्या पेशी या किरणांना सर्वाधिक बळी पडतात आणि कोंब थांबतो. काढणीनंतर लवकर, आतला कोंब लहान असतानाच ही प्रक्रिया केली तर अधिक गुण येतो.