काका-मामा नसलेल्यांसाठी अंजुमन

न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. मुंबई हायकोर्टातील पहिले भारतीय बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती, एवढे आपल्या मुलांना पाठ असते. पण हा माणूस तिथवर पोहोचला कसा, हे त्यांना कुणी सांगत नाही. बुद्धी होतीच. मात्र एकटी बुद्धी इतक्या लांबचा प्रवास करीत नाही.

१८६७ साली बद्रुद्दीन लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले तेव्हा मुंबईच्या बॅरिस्टरीवर इंग्रजांचीच मक्तेदारी होती. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडची रीत अशी होती की, अशील थेट बॅरिस्टरकडे जात नसे. तो सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टर निवडी. म्हणजे सॉलिसिटर ओळखीचा नसेल तर सनद पेटीत ठेवून बसावे लागे. बद्रुद्दीन यांचे थोरले बंधू कमरुद्दीन हे पहिले भारतीय सॉलिसिटर होते. पहिल्या पायरीवर घरचाच माणूस उभा होता.

वडील तय्यब अली व्यापारी होते. आपल्या मुलांना विलायतेला पाठवण्याची हिंमत त्यांनी त्या काळात दाखवली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचे घर भारतीय विद्यार्थ्यांना आपलेच वाटे. मुंबईत परतल्यावर फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्याशी बद्रुद्दीन यांची मैत्री जमली. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान अशा या तिघांनी १८८५ साली बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. १८९५ मध्ये बद्रुद्दीन न्यायमूर्ती झाले. दोनच वर्षांनी, १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारलेला जामीन मंजूर झाला तो न्या. तय्यबजींसमोर. योग्य जागी योग्य माणूस बसला म्हणजे काय होते, याचा हा दाखला आहे.

याच घराण्यातले दुसरे उदाहरण पाहू. सलीम अली १८९६ साली जन्मले आणि लहानपणीच पोरके झाले. त्यांना अमीरुद्दीन तय्यबजी या मामांनी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीचे नाव काय, असे भाच्याने विचारले. मामांना सांगता आले नाही. पण ते नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी तिथले सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. मिलार्ड यांनी मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला, वाचायला पुस्तके दिली. जगाने ओळखलेला पक्षितज्ज्ञ त्या चिठ्ठीच्या वाटेने घडत गेला. मामांकडे उत्तर नव्हते, पण उत्तर कुठे मिळेल ते त्यांना ठाऊक होते. हीसुद्धा एक दौलतच आहे आणि ती आपल्या बहुसंख्य घरांत नाही.

कुणी म्हणेल, हे तर बड्या घराचे भाग्य! खरे आहे. म्हणूनच अंजुमन-ए-इस्लामची गोष्ट आम्हाला तय्यबजींच्या पदांपेक्षा मोठी वाटते. १८७४ साली कमरुद्दीन आणि बद्रुद्दीन हे बंधू, कोकणी मुसलमानांचे पुढारी नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मोहम्मद एकत्र आले. वकील, जहाजांचे मालक आणि भाषा शिकवणारा मुन्शी एका सतरंजीवर बसले. सुलेमानी बोहरा आणि कोकणी हा भेद त्यांनी आड येऊ दिला नाही. १८८० साली तीन शिक्षक आणि १२० विद्यार्थी घेऊन शाळा निघाली. १८९३ पासून ती बोरीबंदरासमोरच्या आपल्या इमारतीत भरू लागली. पुढे १९३६ साली भायखळ्याला साबू सिद्दीकची तंत्रशाळा आली. ज्याचा मामा चिठ्ठी देऊ शकत नव्हता, त्याच्यासाठी अंजुमन मामा झाली.

स्त्रियांच्या बाबतीत हे काम एका रोजनिशीने केले. तय्यबजींच्याच गोतावळ्यातल्या अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथला वृत्तान्त त्या बहिणीला लिहून कळवीत आणि तो लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या उर्दू पत्रात छापला जाई. पुढे १९२१ साली त्याचे पुस्तक निघाले. बहिणीसाठी लिहिलेले अनेक अनोळखी बहिणींनी वाचले. परदेशी शिकणारी बाई राहते कुठे, शिकते काय, हे पडद्याआडच्या मुलींना घरबसल्या कळले.

आज उर्दू शाळांत शिकवताना आम्हाला ही उणीव रोज दिसते. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुलगी दहावीनंतर विचारते, “सर, आता पुढे काय?” तिचे अब्बा रिक्षा चालवतात. त्यांना मुलीला शिकवायचे आहे, पण वास्तुविशारद किंवा सनदी लेखापाल म्हणजे नेमके काय, हे सांगणारे त्यांच्या ओळखीत कुणी नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपल्यावर शिष्यवृत्तीची खबर लागते. अशा वेळी ‘कौम मागे आहे’ म्हणून उसासे टाकण्यात काय हशील?

वशिला आणि ओळख यांतला फरकही मुलांना समजावला पाहिजे. वशिल्याने लायक माणसाची जागा नालायकाला मिळते. ओळखीने लायक माणसाला त्याची जागा कुठे आहे ते कळते. ही ओळख केवळ आपल्या मोहल्ल्यापुरती राहिली तर खुंटते, हे बद्रुद्दीन, मेहता आणि तेलंग यांच्या मैत्रीवरून शिकण्यासारखे आहे.

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. प्रत्येक शाळेने आपल्या माजी विद्यार्थ्यांची एक वही ठेवावी. कोण परिचारिका झाली, कोण अभियंता झाला, कोण तलाठी कचेरीत आहे, हे तीत लिहावे. त्यांतल्या प्रत्येकाने वर्षातून दोन मुलांना आपल्या कामाच्या जागी बोलवावे, त्यांचे प्रश्न ऐकावेत आणि जिथे उत्तर मिळेल तिथल्या माणसाच्या नावे चिठ्ठी द्यावी. शिकून पुढे गेलेल्यांवर मागच्यांचा एवढा हक्क आहे, असे आम्ही मानतो.