बेळगावचा महापौर आणि न झालेला कौल

मेहकर म्हटले की बहुतेकांना बुलढाण्यातले मेहकर आठवते. पण आणखी एक मेहकर आहे. बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात, महाराष्ट्राच्या वेशीला लागून. हैदराबाद राज्यात भालकी, निलंगा, उदगीर हे सारे एकाच बिदर जिल्ह्याचे तालुके होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी निलंगा, उदगीर, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि भालकी म्हैसूरकडे गेली. सोयरिकी तशाच राहिल्या, फक्त मधून राज्याची सीमा गेली.

या मेहकरला महापौर असण्याचा प्रश्नच नाही, ते खेडे आहे. तरीही २००५ साली शेकडो किलोमीटर दूरच्या एका महापालिकेने बिदर भागाच्या वतीने ठराव केला होता. ती महापालिका बेळगावची.

महाराष्ट्र एकीकरण समितीच्या ताब्यात असलेल्या या महापालिकेने २७ ऑक्टोबर २००५ रोजी बेळगाव, निपाणी, कारवार, बिदर असा सगळा वादग्रस्त भाग महाराष्ट्रात घालावा, असा ठराव मंजूर केला. महापौर होते विजय मोरे. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ११ नोव्हेंबरला, बंगळूरमध्ये कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या तोंडाला काळे फासले. २१ नोव्हेंबरला कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. शहराच्या पहिल्या नागरिकाची ही गत!

आता कोणी विचारील, गटारे, पाणी, दिवाबत्ती पाहणाऱ्या संस्थेने राज्यांच्या सीमांवर ठराव करावेतच कशाला? प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर शोधायला आपल्याला गोव्याकडेच वळावे लागते.

१६ जानेवारी १९६७ रोजी आपल्याला थेट विचारले गेले, महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे? वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने निकाल लागला. मराठीवर जीव असलेल्या किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल! पण हरलो तर हरलो, हे तरी कळले. प्रश्न विचारला गेला होता, मते मोजली गेली होती. पुढची भांडणे भाषेची झाली, पण सीमेची राहिली नाहीत.

बेळगावला असा कौल कधी मिळालाच नाही. त्याच १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावे असे त्यात म्हटले. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे असेही त्यात होते, पण महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि काहीच हलले नाही. लोकांना कोणी विचारले नाही. मग लोकांनी हाताशी होती ती मतपेटी धरली. महापालिकेची निवडणूक म्हणजे दर खेपेचा जनमत कौल आणि महापौराची निवड म्हणजे त्याचा निकाल. गोव्यात घरोघर येणाऱ्या ‘तरुण भारत’मध्ये मराठी गट आणि कन्नड-उर्दू गट यांची नगरसेवकागणिक बेरीज-वजाबाकी आपण वाचत आलो, ती त्यामुळेच.

गंमत अशी, की ज्या खुर्चीसाठी एवढा आटापिटा, तिच्यात बळ फारसे नाही. महापौर नगरसेवकांनी निवडायचा, आमदार-खासदारांचीही मते त्यात, मुदत एक वर्षाची आणि कारभाराची दोरी सरकारने नेमलेल्या आयुक्ताच्या हातात. आपल्या पणजीतही महापौर वर्षाचाच. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचे उदाहरण घ्या. तिथे जर्मन भाषकांची मोठी वस्ती. त्यांच्या बळावर १९१० साली एमिल सायडेल हे समाजवादी महापौर झाले आणि पुढे डॅनियल होन १९१६ पासून १९४० पर्यंत त्या खुर्चीत होते. मतदारांनी थेट निवडलेले, हातात अधिकार असलेले. गटारे आणि पाणीपुरवठा यांचा ते इतका अभिमान बाळगत, की त्यांच्याच पक्षातले लोक त्यांना ‘गटारवाले समाजवादी’ म्हणून हिणवत. बेळगावच्या महापौराला वर्षभरात गटार बांधून दाखवणे अवघड, ठराव करणे सोपे. म्हणून ठराव झाले. समितीचे चुकले असेल तर ते इथे, की सोपे तेवढेच तिने जास्त केले.

त्याची किंमतही मोजली. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या कार्यक्रमात महापौर मंदा बाळेकुंद्री सामील झाल्या म्हणून २०११ च्या डिसेंबरात महापालिका पुन्हा बरखास्त झाली. २०१३ मध्ये ५८ पैकी ३२ जागा घेऊन मराठी गट परत आला. २०१८ मध्ये महापौरपद अनुसूचित जमातीसाठी राखीव झाले आणि बहुमत असूनही मराठी गटाकडे त्या प्रवर्गातला नगरसेवकच नव्हता! बसप्पा चिक्कलदिन्नी महापौर झाले आणि मराठी गटाने उपमहापौरपदावर समाधान मानले.

खरा धक्का २०२१ चा. पक्षांनी आपापल्या चिन्हांवर निवडणूक लढवली, भाजपला ५८ पैकी ३५ जागा मिळाल्या आणि समितीचे नगरसेवक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. समितीची आपसातली फाटाफूट आपण ओळखून होतोच. पण निव्वळ फाटाफुटीने एवढी घसरण होत नाही. मराठी मतदारानेच मराठी नावाच्या, पण दुसऱ्या चिन्हाच्या उमेदवाराला मत दिले. त्याला फितूर म्हणणे मला पटत नाही. त्याच्या गल्लीतला रस्ता पन्नास वर्षे सीमाप्रश्नाच्या निकालाची वाट पाहू शकत नव्हता.

निकालानंतर महापौर निवडायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. ६ तारखेला शोभा सोमणाचे महापौर झाल्या आणि रेश्मा पाटील उपमहापौर. दोघी मराठी, दोघी भाजपच्या. पुढच्या वर्षी सविता कांबळे आणि आनंद चव्हाण, २०२५ मध्ये मंगेश पवार. नावे वाचून वाटावे, बेळगावात मराठी गटच निवडून येत आहे. मेहकरचे नाव घेणारा ठराव मात्र यांच्यापैकी कोणाच्याही कारकिर्दीत सभागृहात आला नाही आणि इमारतीसमोर २०२० च्या डिसेंबरात उभारलेला लाल-पिवळा झेंडा जागच्या जागी राहिला.