अडीचपटीचा छापील उतारा

वडनेर भोलजी कापसाच्या पट्ट्यातलं गाव. रुईचा उतारा वाणावर आणि त्या हंगामातल्या मालावर ठरतो, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. जिनिंगच्या यंत्रावर कुणी उताऱ्याचा आकडा छापून दिला, तर तो हसेल. बॅकअपच्या टेपवर मात्र असाच छापील उतारा बिनदिक्कत खपतो. एलटीओ-9 या टेपची खरी क्षमता 18 टेराबाइट, आणि जाहिरातीत शेजारीच, डेटा दाबून बसेल असं धरून, 45.

हे अडीचपट आलं कुठून? 1952 साली आयबीएमचा 726 हा टेपड्राइव्ह आला. एका इंचात 100 अक्षरं. डेव्हिड हफमनची अक्षरांना कमी-जास्त लांबीचे संकेत देण्याची पद्धतही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, पण टेप आणि डेटाचा संक्षेप या दोघांची गाठ पडायला बराच काळ गेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 संगणक आला, तेव्हाही टेपची क्षमता म्हणजे फितीची लांबी गुणिले नोंदीची दाटी, वजा दोन ब्लॉकमधली कोरी जागा. हिशोब सरळ होता.

1977 आणि 1978 मध्ये लेम्पेल आणि झिव यांनी वाट दाखवली: मजकूर पुन्हा आला की तो न लिहिता मागच्या जागेचा हवाला द्यायचा. 1986 मध्ये आयबीएमने 3480 या कार्ट्रिज ड्राइव्हसाठी संक्षेप थेट यंत्रातच बसवला. तिथून क्षमता फितीची राहिली नाही, ती डेटाची झाली. 2000 साली एलटीओच्या पहिल्या पिढीने 100 गिगाबाइटला 200 म्हटलं, म्हणजे दुप्पट. 2012 च्या एलटीओ-6 मध्ये मागचं शोधण्याची स्मृती वाढवली आणि दुप्पटीचं अडीचपट झालं. सुधारणा खरीच, पण फोटो, व्हिडिओ, झिप फायली आधीच दाबलेल्या असतात. त्यांना या स्मृतीचा उपयोग जवळपास शून्य. एन्क्रिप्ट करून पाठवलेल्या डेटाचंही तेच, म्हणून आधी संक्षेप, मग एन्क्रिप्शन, हा क्रम.

मोजायला काय लागतं? संगणकाकडून ड्राइव्हला आलेले बाइट भागिले टेपवर प्रत्यक्ष उतरलेले बाइट. हे आकडे ड्राइव्ह स्वतःच नोंदवतो, मागितले की देतो. चाचणीला शून्यांनी भरलेली फाइल घेतली तर थक्क करणारा आकडा मिळतो आणि तो निव्वळ फसवा असतो. वेगाचीही गोम आहे. एलटीओ-9 चा पूर्ण उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला 400 मेगाबाइट लिहितो, म्हणजे अडीचपट संक्षेप खरोखर साधला तर मागून 1000 मेगाबाइट यायला हवेत. सर्व्हर फारच कमी पडला, तर फीत थांबते, मागे जाते, पुन्हा सुरू होते.

तेव्हा टेप मागवताना 18 चाच आकडा धरा. आपल्या कार्यालयाचा एका रात्रीचा खरा बॅकअप चालवून उतारा काढा, आणि मगच किती टेप लागतील ते ठरवा.