मृत पशूंचे दांत व सुश्रुतोक्त योग्याविधि

नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय इ. स. १९६८ मध्यें स्थापन झालें. दंतवैद्यकाचा विद्यार्थी, तेथील असो वा अन्य कोठील, रोग्याच्या तोंडास हात लावण्यापूर्वीं प्लास्टरमध्यें रोवलेल्या दांतांवर व कृत्रिम मस्तकाच्या जबड्यांत आपला हात बसवितो. हें मस्तक ग्लासगो येथील ऑस्वाल्ड फर्गस यांनीं १८९४ सालीं पुढें आणिलें. यावरून ही रीत सर्वस्वीं पाश्चात्त्य होय, असें एक पक्ष म्हणतो; तर सुश्रुतकाळीं आमच्याकडे दंतवैद्यकाच्या शाळाच होत्या, येथपर्यंत दुसऱ्याची मजल जाते. मूळ वाक्य न पाहतां या वादांत पडणें बरें नव्हे.

सुश्रुतसंहितेची, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या टीकेसह संपादिलेली व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत १९३८ सालीं निघालेली आवृत्ति आम्हीं पुढें ठेविली आहे. सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायांत शिष्याकडून करवून घ्यावयाची 'योग्या', म्हणजे हातसवय, सांगितली आहे. कापण्यास कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी. खरवडण्यास केसाळ चामडें. शिरा वेधण्यास मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ. 'आहार्य' कर्मासाठीं मात्र फणस, तोंडलें व बेल यांचा गर आणि मृत पशूंचे दांत.

येथें आहार्य म्हणजे दांत उपटणें कीं दांतांवरील कीट काढणें? २५ व्या अध्यायांतील आहार्यांच्या यादींत दंतमल आहे, दांत नाहीं. ८ व्या अध्यायांत दंतशंकु हें शस्त्र आहरणाचेंच म्हटलें आहे. एवढ्यावरून कीट काढण्याचा पक्ष बळकट दिसतो. परंतु फळांचा गर ही आंत रुतलेली वस्तु होय. तिच्या पंक्तीस दांत बसविला, तो मुळासकट ओढण्यासाठींच असावा. शिवाय चिकित्सास्थानाच्या २२ व्या अध्यायांत नाडीव्रण झालेला दांत उपटण्यास सांगून, वरचा दांत हलत असला तरी काढूं नये, कारण रक्त फार जातें, असें बजाविलें आहे. रक्तस्रावाचें हें भय ज्यास ठाऊक होतें, त्यानें शिष्यास आधीं मेलेल्या पशूच्या दांतावर सोडावें, हें सयुक्तिक आहे. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. पहिला अगदींच खोडून निघत नाहीं.

शाळांची गोष्ट मात्र आम्हांस मान्य नाहीं. हा शिष्य शल्यतंत्राचा. दांत हा त्याच्या अनेक कामांपैकीं एक. शिवाय नागपूरच्या आजच्या विद्यार्थ्यापर्यंत ही परंपरा अखंड आली, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. एक बारीक गोष्ट येथें नोंदण्यासारखी आहे. त्याच अध्यायांत मनुष्याकृति बाहुलीहि आहे, पण ती पट्ट्या बांधण्यापुरती. दांत वेगळे, बाहुली वेगळी. बाहुलीच्या तोंडांत दांत बसवून, गाल आणि जबडा यांच्या अडचणींत हत्यार चालविण्यास लावणें, एवढें काम १८९४ सालाकडे राहिलें होतें.