नऊ दिवसांच्या तारा

१९१४ च्या उन्हाळ्यात युरोपातल्या राजधान्या एकमेकींशी बोलत होत्या त्या तारेने. मजकूर सांकेतिक लिपीत घालायचा, तारघरात द्यायचा, पलीकडच्या कारकुनाने तो उलगडायचा आणि मग साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. या सगळ्यात तासन् तास जात, आणि तेवढ्यात दुसरीकडे कुणी तरी पुढचं पाऊल टाकून मोकळं झालेलं असे.

२८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला. २३ जुलैला ऑस्ट्रियाने या खुनाचा ठपका ठेवत सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता दिला. २५ ला उत्तर आलं, ते ऑस्ट्रियाने अपुरं ठरवलं आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने त्याचा वकील बेलग्रेड सोडून गेला. पुढच्या नऊ दिवसांत आवया पुष्कळ उठल्या. काही तासाभरात खोडल्या गेल्या, काही थेट युद्धाच्या कागदात जाऊन बसल्या. कोणती खोडली आणि कोणती ठेवली, यावर या घटनाक्रमात लक्ष ठेवायचं आहे. वेळा त्या त्या शहरातल्या आहेत.

२७ जुलै, सोमवार. व्हिएन्ना

परराष्ट्रमंत्री बेर्ख्टोल्ड ८३ वर्षांच्या सम्राट फ्रान्झ जोसेफपुढे युद्धाच्या घोषणेचा मसुदा सहीसाठी पाठवतो. सोबत एक खबर आहे: डॅन्यूबच्या काठी टेमेश-कुबिनजवळ सर्बियन सैनिकांनी आपल्या बोटींवर गोळीबार केला. लढाईला तोंड त्यांनीच फोडलं, तर म्हाताऱ्या राजाने मागे का राहावं? सही होते. पुढे कळतं की अशा चकमकीला दुजोरा मिळत नाही. बेर्ख्टोल्ड घोषणेतून ते वाक्य वगळतो आणि सम्राटाला तसं कळवतो, पण घोषणा रवाना झाल्यावर. वाक्य गेलं, सही राहिली.

२८ जुलै, सकाळी १०. पॉट्सडॅम

जर्मनीचा कैसर विल्हेल्म नॉर्वेच्या जलसफरीवरून आदल्याच दिवशी परतला आहे. सर्बियाचं उत्तर तो आज पहिल्यांदा नीट वाचतो आणि त्याचं मत पडतं की आता युद्धाला कारणच उरलं नाही. ऑस्ट्रियाने फार तर बेलग्रेड ओलीस धरून थांबावं, असं तो परराष्ट्र खात्याला लिहून देतो. ही सूचना चॅन्सेलर बेथमान-होलवेगकडून व्हिएन्नाकडे निघते ती रात्री दहानंतर, तीही पाणी घालून.

२८ जुलै, सकाळी ११.१०. व्हिएन्ना

तोवर घोडं गंगेत न्हालेलं असतं. ऑस्ट्रिया-हंगेरी सर्बियावर युद्ध पुकारतो, तेही साध्या तारेने, फ्रेंच भाषेत.

२८ जुलै, दुपारी. निश

सर्बियाचं सरकार बेलग्रेड सोडून निशला आलं आहे. पंतप्रधान पाशिच जेवायला बसलेला असताना तार हातात पडते. युद्धाची घोषणा अशी टपालखात्याच्या कागदावर येते? पाशिचला ही कुणाची तरी चाल वाटते. जर्मन वकिलाला विचारलं, तर त्याला काही माहीत नाही. खरं-खोटं करायला तो मित्रराष्ट्रांकडे तारा पाठवतो. बातमीची शहानिशा करू पाहणारा या गोष्टीतला हा पहिला माणूस, आणि त्याला मिळालेली बातमी नेमकी खरी होती.

२९ जुलै, पहाटेच्या अंधारात. बेलग्रेड

नदीतल्या ऑस्ट्रियन युद्धनौका बेलग्रेडवर तोफा डागतात. एक युद्ध सुरू झालं आहे. ते दोनच देशांत राहील का, एवढाच आता प्रश्न आहे.

त्याच वेळी कैसर आणि सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियाचा झार निकोलस एकमेकांना तारा करतात. दोघे नात्यातले भाऊ, तारा इंग्रजीत, खाली सह्या ‘विली’ आणि ‘निकी’. दोघांच्या पहिल्या तारा वाटेत एकमेकींना ओलांडून जातात. जणू दोघंही एकाच वेळी बोलताहेत आणि ऐकायला कुणीच नाही.

२९ जुलै, रात्री ९.३०. सेंट पीटर्सबर्ग

मुख्य तारघरात जनरल दोब्रोरोल्स्की झारच्या सहीचा हुकूम घेऊन उभा आहे: सार्वत्रिक लष्करी जमवाजमव. राखीव सैनिक गावोगावातून उचलायचे, घोडे घ्यायचे, आगगाड्या ताब्यात घ्यायच्या. हे चाक एकदा फिरलं की उलटं फिरवणं जवळजवळ अशक्य. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात हुकूम जावा म्हणून इतर सगळ्या तारा रोखून यंत्रं मोकळी ठेवली आहेत.

एवढ्यात टेलिफोन वाजतो. सेनाप्रमुख यानुश्केविच सांगतो, थांबा. कैसरची नवी तार वाचून झारचं मन फिरलं आहे; जमवाजमव फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेपुरती करायची. एका भावाच्या तारेने दुसऱ्याचा हात धरला, असं या नऊ दिवसांत हे एकदाच घडलं. ते टिकलं जेमतेम एकोणीस तास.

३० जुलै, पहाटे ३. बर्लिन

ब्रिटन गप्प बसणार नाही, असा इशारा लंडनहून आल्याने बेथमान-होलवेग हादरला आहे. काल-परवापर्यंत ऑस्ट्रियाच्या पाठीवर थाप देणारा हा माणूस आता व्हिएन्नाला आवरा म्हणून तारांवर तारा पाठवतो.

३० जुलै, दुपारी दीड-दोनचा सुमार. बर्लिन

‘बर्लिनर लोकाल-अन्त्साइगर’ या खपाच्या दैनिकाचा जादा अंक रस्त्यावर येतो. कैसरने सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला, अशी बातमी. ती साफ खोटी आहे, पण पोरं अंक वाटत सुटतात. रशियाचा राजदूत स्वेर्बेयेव्ह घाईघाईने मायदेशी तार करतो.

आता सरकारी यंत्रणा किती चपळ असू शकते ते पाहा. परराष्ट्रमंत्री यागो स्वतः राजदूताला टेलिफोन करून बातमी खोटी असल्याचं सांगतो, अंक मागे घ्यायला लावतात, अधिकृत खुलासा निघतो. स्वेर्बेयेव्ह दुरुस्तीची तार पाठवतो.

एका वर्तमानपत्राच्या चुकीने महायुद्ध पेटलं, ही कथा पुढे फार चघळली गेली. १९१६ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रे आणि बेथमान-होलवेग यांनी तीवरून भाषणांतून एकमेकांना टोले हाणले. पण तारांच्या वेळा शेजारी शेजारी मांडून इतिहासकारांनी निष्कर्ष काढला तो असा की, रशियाचा त्या दिवशीचा निर्णय या खोट्या बातमीशिवायच झाला.

३० जुलै, दुपारी ३. पीटरहॉफ

तो निर्णय असा झाला. परराष्ट्रमंत्री साझोनोव झारला समजावतो आहे की अर्धी जमवाजमव म्हणजे पुरता गोंधळ. उद्या जर्मनी उतरला तर पूर्ण करायला वेळ मिळायचा नाही. लाखो माणसांना मरणाच्या तोंडी द्यायचं आहे, हे झारला कळतं आहे. तासाभराने तो हो म्हणतो. साझोनोव जिना उतरून यानुश्केविचला टेलिफोन करतो आणि वर सुचवतो की आता टेलिफोन फोडून टाका. राजाचं मन पुन्हा फिरलं तर ते कळायलाच नको.

संध्याकाळी सहाला दोब्रोरोल्स्की त्याच तारघरात पोचतो. या वेळी टेलिफोन वाजत नाही.

३१ जुलै, सकाळ. व्हिएन्ना

बर्लिनहून दोन प्रकारच्या तारा आल्या आहेत. चॅन्सेलर म्हणतो, सबुरीने घ्या. सेनापती मोल्टके म्हणतो, रशियाविरुद्ध ताबडतोब सैन्य उभं करा. बर्लिनमध्ये राज्य नक्की कुणाचं, मोल्टकेचं की बेथमानचं, असा सवाल बेर्ख्टोल्ड करतो. सोयीची तार कोणती हे त्याला विचारावं लागत नाही. दुपारपर्यंत ऑस्ट्रियाही सार्वत्रिक जमवाजमव जाहीर करतो.

३१ जुलै, सकाळी ११.४०. बर्लिन

सीमेवरून रात्रभर कुणकुण लागत होती: पलीकडे भिंतींवर हुकुमाचे लाल कागद चिकटवलेत. पण बेथमान-होलवेगला पक्की खातरजमा हवी आहे. रशियाने आधी जमवाजमव केली हे निर्विवाद ठरलं, तर युद्धाचा दोष रशियाच्या माथी जाईल आणि जर्मन जनता मागे उभी राहील. पीटर्सबर्गहून राजदूत पुर्तालेसची तार येते आणि खबर पक्की होते. जराही घाई न करता बातमी पारखून घेतली ती या वेळी, आणि पारख केली ती युद्ध टाळण्यासाठी नव्हे. दुपारी रशियाला बारा तासांची मुदत जाते.

३१ जुलै, रात्री ९.४०. पॅरिस

युद्ध टाळण्यासाठी अखेरपर्यंत धडपडणारा समाजवादी नेता जाँ जोरेस एका उपाहारगृहाच्या खिडकीशी जेवत असताना बाहेरून गोळ्या येतात. तो जागीच कोसळतो.

१ ऑगस्ट, संध्याकाळी ५ नंतर. बर्लिन

कैसरने जमवाजमवीच्या हुकुमावर सही केली आहे. तेवढ्यात लंडनमधला जर्मन राजदूत लिख्नोव्स्की याची तार उलगडून समोर येते: फ्रान्सवर हल्ला केला नाही, तर ब्रिटन तटस्थ राहील, असं ग्रे सुचवतो आहे. कैसर खुलतो. चला, मग सगळं सैन्य पूर्वेला न्या!

मोल्टकेचा चेहरा उतरतो. आराखडा आधी फ्रान्सवर चालून जाण्याचा. गाड्यांचं वेळापत्रक वर्षभर खपून बांधलेलं. दहा लाखांचं सैन्य असं ऐन वेळी उलटं फिरवता येत नाही, असं तो म्हणतो. तुझ्या काकाने मला वेगळं उत्तर दिलं असतं, असा टोला कैसर हाणतो; ज्येष्ठ मोल्टकेने १८७० मध्ये फ्रान्सला हरवलं होतं. ट्रीरच्या तुकडीला थांबण्याचा हुकूम सुटतो. पण संध्याकाळी सातला जर्मन सैनिकांची एक टोळी लक्झेंबर्गमधल्या ट्रॉव्हिएर्जच्या रेल्वे स्थानकात घुसलेली असते. मागून मोटारीने माणसं येऊन सांगतात, चूक झाली, परत चला.

रात्री अकराच्या सुमारास इंग्लंडच्या राजाची तार येते: काही तरी गैरसमज झालेला दिसतो. झोपायच्या कपड्यांवर कोट चढवलेला कैसर मोल्टकेला सांगतो, आता हवं ते करा. दुसऱ्या दिवशी लक्झेंबर्गमध्ये सैन्य पुन्हा शिरतं.

१ ऑगस्ट, संध्याकाळी ७. सेंट पीटर्सबर्ग

पुर्तालेस साझोनोवला तीनदा विचारतो, जमवाजमव थांबवणार का. तिन्ही वेळा नकार. मग तो युद्धाचं पत्र हातात देतो आणि खिडकीशी जाऊन रडू लागतो. रशियाने नकार दिला तर एक वाक्य आणि उत्तरच दिलं नाही तर दुसरं, असे दोन पर्याय बर्लिनने पाठवले होते. या गडबडीत दिलेल्या पत्रात दोन्ही तसेच राहून गेले. म्हणजे रशियाचं उत्तर काहीही आलं असतं, तरी पत्र तयार होतं.

३ ऑगस्ट, संध्याकाळ. पॅरिस

जर्मन राजदूत शोन फ्रान्सविरुद्ध युद्ध जाहीर करतो. बर्लिनची तार वाटेत इतकी बिघडली आहे की तिचा काही भाग लागतच नाही. जो लागला त्यात कारण दिलं आहे: फ्रेंच वैमानिकांनी कार्ल्सरुहे आणि न्युरेंबर्गजवळ रेल्वेवर बॉम्ब टाकले.

न्युरेंबर्गच्या रुळांवर बॉम्ब पडलाच नव्हता. गुरुवारी एका दैनिकाची खोटी बातमी खोडायला परराष्ट्रमंत्री स्वतः टेलिफोनवर बसला होता. सोमवारी त्याच खात्याने न पडलेला बॉम्ब युद्धाच्या घोषणेत घातला.

४ ऑगस्ट, रात्री. लंडन

जर्मन सैन्य सकाळी बेल्जियममध्ये घुसलं आहे. ब्रिटनची मुदत रात्री अकराला संपते. त्याआधीच परराष्ट्र खात्यात खबर येते की जर्मनीने आपण होऊन ब्रिटनवर युद्ध पुकारलं. त्यावर विसंबून लिख्नोव्स्कीकडे तसं पत्र जातं. थोड्याच वेळात कळतं की पकडलेल्या बिनतारी संदेशाचा अर्थ चुकीचा लावला गेला होता.

हॅरल्ड निकल्सन हा खात्यातला तरुण अधिकारी दुरुस्त पत्र घेऊन जर्मन वकिलातीत धावतो. राजदूत अंथरुणावर पडलेला आहे. चुकीचं पत्र टेबलावर न वाचताच पडलं आहे. निकल्सन ते उचलतो, नवं ठेवतो आणि पोच घेतो. युद्ध सुरू होऊन काही मिनिटं झाली आहेत. आता कागद बिनचूक आहे.

त्यानंतर

व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगने हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं. इथल्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबरात पुण्याच्या ६ व्या डिव्हिजनचे सैनिक इराणच्या आखाताच्या टोकाला, फाओला उतरले. मराठा पलटणी त्यात होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा इथे, उपासमारीच्या वेढ्यानंतर, याच डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रं ठेवली. सुमारे १३ हजार माणसं कैदेत गेली आणि त्यांतली कित्येक परतली नाहीत.

खोट्या बातमीने हे युद्ध लावलं, असं म्हणणं म्हणजे मंत्र्यांना आणि सेनापतींना सोडून पेपरवाल्या पोरांना धरणं आहे. आवई खोडायची ताकद सर्व सरकारांकडे होती. बर्लिनने ती एका दुपारी तासाभरात दाखवूनही दिली. ती वापरायची कधी, हे त्यांनी सोयीने ठरवलं. म्हणून पुढच्या युद्धात अशी एखादी बातमी कानावर आली, तर ती खरी का हे विचाराच, पण खोटी ठरल्यावर ती कुणी लगेच मागे घेतली आणि कुणी तशीच ठेवली, हेही टिपून ठेवा.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान १९१४ च्या त्या युद्धात कामी आले.